पिंपळाखालच्या देवाचं नाव

मुंजाबाचं तोंड तुम्ही पाहिलेलं असणार. माणूस ओळखीचा नसेल, पण तोंड नक्की पाहिलेलं असणार. डोक्याला गुलाबी पटका, गालावर पांढरे खुंट, भुवया कपाळात चढलेल्या आणि जबडा असा वासलेला की पडलेल्या दाढेची जागा दिसावी. पेट्रोल महागलं की ते तोंड मोबाइलवर फिरायला लागतं. गॅसची टाकी महागली की फिरतं. कांदा, सोनं, शाळेची फी, कशालाही चालतं. व्हिडिओ जेमतेम दोन श्वासांचा आहे: पंपावर एक म्हातारा मशीनच्या आकड्यांकडे बघतोय आणि एकदम त्याचा आ वासतो. वरून कुणीतरी खदाखदा हसण्याचा आवाज लावून दिलेला. दर उतरल्यावर ते तोंड कुणी पाठवल्याचं ऐकिवात नाही. तसा योगही क्वचितच येतो म्हणा.

ज्याचं हे तोंड, तो मुंजाबा कन्नड ते संभाजीनगर काळी-पिवळी जीप चालवतो. बापाची मेंढरं विकून त्यानं जीप घेतली, तेव्हा भाऊबंद म्हणाले होते, मेंढरू खातं पण लेंड्या तरी देतं, ही नुसतीच खाईल. भाऊबंदांचं खरं झालं. डिझेल कुठल्या कुठं गेलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तशा जीपमधल्या बायका उतरून एसटीत जाऊन बसल्या, आणि उरलेल्या सीटा भरायला मुंजाबा स्टँडाबाहेर घसा कोरडा करत उभा राहतो. तिथं कुणीतरी ओळखतंच. "अरे, हे तर रेटवाले बाबा!" मग फोन निघतात आणि पोरं त्याला तोंड वासायला सांगतात. बापाच्या वयाच्या माणसाला भर चौकात असं सांगताना कुणाची जीभ झडत नाही. मुंजाबा वासतोसुद्धा. फोटो झाला की एवढंच म्हणतो, "ते तोंड डिझेलचं नव्हतं, बाबांनो." पोरं अजूनच हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा गमत्या आहे.

म्हातारा गमत करत नव्हता. त्या तोंडाची गोष्ट अशी आहे.

चार वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, त्याची बायको मंजुळाबाई आजारी पडली. आधी ताप, मग धाप. कन्नडच्या डॉक्टरांनी शहरात घाटी दवाखान्यात न्यायला सांगितलं. मुंजाबानं जीपच्या मागच्या सीटवर गोधडी अंथरली, तिला आडवं केलं आणि एकटाच निघाला. पडेगावजवळ काटा लाल रेघेला टेकला म्हणून पंपावर थांबला. दर आदल्या रात्रीच चढला होता. पंपावर ही गर्दी, हॉर्नवर हॉर्न, कुणी दराच्या फलकाचे फोटो काढतंय, कुणी सरकारच्या नावानं बोटं मोडतंय. शहरात कुठं कुठं हिंडावं लागेल काय माहीत, म्हणून मुंजाबानं पंपावर डिझेल भरणाऱ्या करुणाला सांगितलं, "टाकी फुल कर." आणि पळणाऱ्या आकड्यांकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात मागून बाईमाणसाच्या आवाजात हाक आली, "मुंजाबा!"

आता त्याला नावानं हाक मारील अशी बाई जगात उरली नव्हती. आई जाऊन कैक वर्षं झाली होती, मोठी बहीण तिच्याही आधी गेलेली. जीपमध्ये एकटी मंजुळाबाई. आणि मंजुळाबाई नाव घेणं म्हणजे आक्रीतच.

नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका त्यांच्या वाडीवर घरटी एक होत्या, पण मंजुळाबाईचा कडकपणा औरच. त्यातून नवऱ्याचं नाव पडलं देवाचं. वाडीच्या वेशीवर पिंपळाखाली मुंजाबाचं ठाणं आहे. मंजुळाबाई त्या देवाचंही नाव घ्यायची नाही. नवस बोलायची तो 'पिंपळाखालच्या देवाला', नारळ वाढवायची तो 'पिंपळाखालच्या देवापुढं'. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी उंबऱ्यावर अडवली, तर नवरी रडायलाच लागली. शेवटी सासूनंच वाट मोकळी केली. रेशनच्या दुकानात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की ती लेकीला, अक्षदाला, पुढं ढकलायची. बरं, आवाज नव्हता म्हणावं तर तसंही नाही. मेंढरं होती तेव्हा नाल्यापलीकडं दुसऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या मेंढीला ती अलीकडून नाव घेऊन जागच्या जागी थांबवायची. प्रत्येक मेंढीला वेगळं नाव होतं. नवऱ्याला मात्र 'अवं'. "मला मेंढरातबी धरत नाय तू," मुंजाबा चिडवायचा. ती पदर तोंडाला लावायची.

त्या बाईनं भर पंपावर नाव घेतलं, म्हणून मुंजाबाचा आ वासला होता.

तो जीपकडं धावला. तिचे डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी चाललेली. "हाक मारली का गं?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही. त्यानंतर ती बोललीच नाही. दवाखान्यात नळ्या लागल्या आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला जमलेल्या माणसांत मुंजाबानं हे सांगितलं, तर कुणाला पटेना. मंजुळाबाईची थोरली बहीण केसरबाई झटक्यात म्हणाली, "आमची मंजुळा? मरंल, पण नाव घेणार नाय." मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच उमगलं आणि ती पदरात तोंड खुपसून रडली. अक्षदानं बापाची समजूत घातली. "आबा, आई नाव कशी घेईल? गर्दीत भास झाला तुम्हाला." मुंजाबानं पंपावर जाऊन करुणालाही विचारलं. ती म्हणाली, "काका, खोटं कशाला बोलू? त्या दिवशीच्या हॉर्नात मला माझं नाव ऐकू आलं नसतं."

मुंजाबा गप्प झाला. पण मनातल्या मनात तो ती हाक धरून बसला. जन्मभर न घेतलेलं नाव तिनं जाताना घेतलं, त्याचा निरोप घेतला, लग्नात राहिलेला उखाणा एका शब्दात फेडून गेली, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. तो भास असला तर मग हातात काय उरत होतं? बायको मागं जीव सोडत होती आणि हा आकडे बघत उभा होता, एवढंच.

अशातच तो व्हिडिओ आला. जीपमधल्या एका पॅसेंजरनं हसत हसत फोन पुढं केला. मुंजाबानं स्वतःचं तोंड ओळखलं, आणि तोंडामागं आपली जीपही ओळखली. खिडकीत मंजुळाच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा दिसत होता. म्हणजे घटका तीच होती. तिचा आवाज त्यात असणारच! त्यानं फोन कानाला लावला. हसणं, नुसतं हसणं. त्यानं तो व्हिडिओ कितीकांच्या फोनवर ऐकला, कान गच्च लावून, डोळे मिटून. दरवेळी तेच दात काढणं. पुढं एका शिकलेल्या पॅसेंजरनं सांगितलं, "बाबा, हे वरून लावलेलं असतं. ज्यानं काढला त्याच्याकडे असेल तर असेल खरा आवाज." पण काढला कुणी? हजार जणांनी तो हजार जणांकडून घेतलेला. रानात सुटलेल्या वाऱ्याला धनी कोण, असं विचारण्यातला प्रकार.

चार वर्षं अशी गेली. दर चढत गेले आणि दर चढला की मुंजाबाचं तोंड नव्यानं फिरत राहिलं.

यंदा डिझेल पुन्हा वाढलं त्या आठवड्यात अक्षदाला तिच्या फोनवर एक पान दिसलं. 'काहीच्या काही संभाजीनगर' असं त्याचं नाव. त्यावर बापाचं तोंड, आणि खाली फुशारकी: हे तोंड जगाला सगळ्यात आधी आम्ही दाखवलं! अक्षदा पोराबाळांसह मुकुंदवाडीत राहायची, कपड्यांच्या दुकानात कामाला होती. दुकानात मैत्रिणी त्या तोंडाचं स्टिकर पाठवायच्या, तेव्हा ती काही बोलायची नाही. त्या दिवशी मात्र तिनं त्या पानवाल्याला लिहिलं की मी या माणसाची मुलगी, आम्हाला भेटायचंय. उत्तर यायला चार दिवस लागले. पोरगा करमाडचा निघाला, नाव विश्वजीत.

"आबा, मी येते संगं," ती फोनवर म्हणाली. "पण एक सांगते. त्यात आईचा आवाज नाय निघाला, तर हे मनातून काढून टाकायचं. कबूल?"

मुंजाबानं फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "कबूल." पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. चार वर्षं तो ज्याच्यासाठी तडफडत होता ते हाताशी आल्यावर त्याला त्याचीच धास्ती वाटायला लागली. न ऐकलेलं होतं तोवर ते खरं तरी होतं.

शहरापर्यंतचे पॅसेंजर उतरवून, मुकुंदवाडीतून अक्षदाला घेऊन तो जालना रोडनं करमाडला गेला. विश्वजीतचं घर गावाच्या कडेला, दुमजली, नवंकोरं. बाप काकासाहेब जुना जमीनदार. रस्त्याकडची जमीन कंपन्यांच्या भागात गेली, तिच्यातून हे घर उभं राहिलेलं. पोरगा दिवसा शेंद्र्याच्या कंपनीत जायचा आणि उरलेल्या वेळात जगातल्या चमत्कारिक गोष्टी फोनमध्ये गोळा करायचा.

काकासाहेबांनी पाहुण्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि घसा खाकरून म्हणाले, "पाव्हणं, पोराकडून चूक झाली. तुमचा फोटो न विचारता टाकला. जे काय आसंल ते बसून मिटवू. कोर्टकचेरी कशाला?" बोलता बोलता त्यांचा हात खिशाकडं गेला.

"पैसे नकोत," मुंजाबा म्हणाला. "मला आवाज पायजे."

बापलेकांना काही कळेना. मग अक्षदानं सगळं सांगितलं. विश्वजीतचा चेहरा उतरला. तो म्हणाला की मित्रांबरोबर वेरूळला निघालो होतो, दर चढला म्हणून पंपावर मशीनच्या आकड्यांचा व्हिडिओ काढत होतो, आणि काका मध्येच आले. "जीपमध्ये पेशंट आहे हे खरंच माहीत नव्हतं, काका. आईशपथ."

"तुझी चूक नाय, लेका. आवाज हाय का ते सांग."

तो फोन जुना होता, काच तडकलेली, कपाटात पडून. विश्वजीतनं शोधून तो चार्जिंगला लावला. चालू व्हायला तो काही केल्या तयार होईना. आतून चहा आला. बसून करायचं काय, म्हणून विश्वजीत दुसऱ्या फोनवर मुंजाबाला आपला संग्रह दाखवायला लागला. पेट्रोल परवडेना म्हणून मोटारसायकलला बैल जुंपलेला गडी. हेल्मेट घातलेला बोकड. डिझेलच्या टाकीला नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधलेला ट्रॅक्टर. "लोकांना हसायला काहीतरी लागतं, काका," तो ओशाळून म्हणाला. "दर बघून रडण्यापेक्षा बरं."

"बरंच हाय की," मुंजाबा म्हणाला. बोकड बघून त्याला खरंच हसू आलं होतं. मंजुळानं बघितलं असतं तर तिनं त्या बोकडाला आधी नाव दिलं असतं.

फोन चालू झाला. विश्वजीतनं बोटानं कुठं कुठं मागं जात तो व्हिडिओ काढला. "हा बघा, अख्खा आहे. मी पुढचा-मागचा कापून तेवढं तोंडच टाकलं होतं." त्यानं आवाज पूर्ण वाढवला आणि फोन मुंजाबाच्या हातात दिला. अक्षदानं बापाच्या हाताखाली आपला हात धरला.

मशीनची घरघर. हॉर्न. कुणीतरी शिवी हासडली. काचेवर आकडे पळतायत, आणि बाजूला गुलाबी पटका, आकड्यांकडे बघत. मग लांबून, अगदी बारीक, "अवं." पटका हलत नाही. पुन्हा, "अवं, ऐकलं का?" ट्रकचा हॉर्न. "अवं!" आकडे पळतायत, आणि पटका आपला तिकडंच बघतोय. आणि मग, सगळ्या हॉर्नांवरून, नाल्यापलीकडच्या मेंढीला थांबवायच्या त्या आवाजात, "मुंजाबा!"

अक्षदाच्या तोंडून "आई गं" निघालं.

व्हिडिओतला मुंजाबा आ वासून उभा होता. जगानं पाहिलेलं ते तोंड. जगाचा व्हिडिओ इथंच संपत होता. हा पुढं चालू राहिला. त्या वासलेल्या तोंडावरून तोच आवाज, आता धापेनं तुटत तुटत, बोलत होता, "टाकी नका भरू... दोनशाचंच टाका... तिथं दवाखान्यात पैसे लागतील." मग गुलाबी पटका जीपकडं धावला आणि चौकटीबाहेर गेला. मागं मशीनचे आकडे पळतच राहिले. तिचं वाक्य कुणीच ऐकलं नव्हतं. ज्याच्यासाठी होतं त्यानंही नाही. नाव ऐकल्यावर त्याच्या कानात दुसरं काही शिरलंच नव्हतं. टाकी त्या दिवशी काठोकाठ भरली होती.

काकासाहेब जमिनीकडं बघत होते.

"म्हंजे डिझेलचंच व्हतं," मुंजाबा सावकाश म्हणाला. "चार वर्सं म्या लोकांस्नी सांगत फिरलो, डिझेलचं नव्हतं म्हणून. लोकंच खरी निघाली."

"आबा," अक्षदा म्हणाली. ती रडत होती.

मुंजाबानं तो व्हिडिओ पुन्हा लावला, मग पुन्हा. निरोप नव्हता तो. उखाणाही नव्हता. लग्नात चार बायकांनी अडवून जे निघालं नाही, रेशनवाल्यापुढं जे निघालं नाही, देवापुढंसुद्धा जे ओठांबाहेर आलं नाही, ते नाव तिनं नवऱ्याच्या खिशातल्या पैशांसाठी भर रस्त्यात ओरडून टाकलं होतं. स्वतःला श्वास पुरत नव्हता, आणि चिंता कसली, तर टाकीची. आणि तरी, जे चार वर्षं मनाशी रंगवलं होतं त्यापेक्षा हे त्याला जास्त तिचं वाटलं. निरोप घेणारी मंजुळा त्याला कधी नीट दिसलीच नव्हती. ही दिसली. ही त्याच्या ओळखीची होती.

विश्वजीत डोळे पुसत म्हणाला, "काका, मी तो व्हिडिओ काढून टाकतो. नाहीतर हा खरा टाकू का? लोकांना कळू दे. लाखो लोक बघतील."

"नको," मुंजाबा म्हणाला. "तिनं येकदाच घेतलं. ते मुलूखभर नको." थोडं थांबून म्हणाला, "त्यो दुसरा राहू दे हाय तसा. हसू दे लोकांस्नी."

"मग नाव घेतलंय तेवढंच कापून देऊ? रिंगटोन करता येतो. फोन आला की ऐकू येईल."

मुंजाबानं मान हलवली. "काय कापू नको. सगळं दे, डिझेलासकट."

विश्वजीतनं तो अख्खा व्हिडिओ अक्षदाच्या फोनवर आणि मुंजाबाच्या साध्या फोनच्या कार्डात टाकून दिला. निघताना काकासाहेब जीपपर्यंत आले. त्यांनी मुंजाबाच्या खांद्यावर हात ठेवला.

मुकुंदवाडीला अक्षदा उतरली. जीपच्या दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, भास नव्हता."

"नाय," मुंजाबा म्हणाला. "जा आता, पोरं वाट बगत असतील."

शहर ओलांडून पडेगावला येईतो ऊन कलंडलं होतं. मागं कन्नडचे तीन पॅसेंजर. काटा लाल रेघेच्या आसपास. मुंजाबानं जीप त्याच पंपावर घेतली. करुणाला विचारून गेला त्यानंतर तो हा पंप टाळूनच पुढं जायचा. करुणा अजून तिथंच होती, कानाशी केस पांढरे झालेले. तिनं त्याला ओळखलं. नळी हातात घेऊन तिनं विचारलं, "काका, टाकी फुल?"

"नाय," मुंजाबा म्हणाला. "दोनशाचंच टाक."

"दोनशेत कन्नड येत नाही, काका."

"ठावं हाय मला. पुढच्या पंपावर परत टाकीन."

तिला काही उलगडा झाला नाही, पण तिनं मशीन लावलं. आकडे पळायला लागले. मुंजाबानं त्यांच्याकडं पाठ केली आणि जीपच्या मागच्या खिडकीकडं तोंड करून, करुणानं झालं म्हणेपर्यंत तसाच उभा राहिला.